दोन कपाटं, तीस हजार रुपये: इंदूरच्या एका लहान वाचनालयाच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत आज एकदाचं ठरलं. हॉलच्या मागच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं वाचनालयाला मिळाली. मंडळाकडून वीस हजार, आणि दहा घरांनी प्रत्येकी एक हजार दिले, असे तीस हजार रुपये हातात आहेत. यात शिशुवर्गातल्या पोरांपासून ऐंशीच्या आजींपर्यंत सगळ्यांची सोय व्हायला हवी. निवड माझ्याकडे आली, कारण घरी सगळ्यात जास्त पुस्तकं माझ्याकडे आहेत. ती काही पात्रता नव्हे, हे पुढच्या दोन महिन्यांत मला चांगलं कळलं.

इथे इंदुरातच रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा तिकडे देवास-ग्वाल्हेरला कुणी असं काम अंगावर घेतलं तर त्यांचे पैसे आणि दिवस वाचावेत म्हणून या नोंदी ठेवते आहे. चुका आहेत तशा लिहीन.

१० मे, शनिवार

भाच्याच्या लग्नाला पुण्यात होते. हळदीच्या दिवशी दुपारी वेळ काढून अप्पा बळवंत चौकात गेले आणि तीन तासांत ४१ पुस्तकं घेतली. ७,४६० रुपये. मी लहानपणी साताऱ्यात जे जे वाचलं ते सगळं घेतलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, साने गुरुजी, ऐतिहासिक गोष्टींचे जाडजूड संच. मोठ्यांसाठी पाच-सहाशे पानांच्या चार कादंबऱ्या. दुकानदाराने विचारलं, "मुलं किती वर्षांची?" मी म्हटलं, "सगळ्या वयाची." तिथेच थांबून नीट उत्तर द्यायला हवं होतं.

खोकी ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवली, ६५० रुपये. एक खोकं वाटेत भिजलं, तीन पुस्तकांचे पुठ्ठे फुगले. आता खोक्याच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून, तोंड बांधून मगच पुठ्ठा चिकटवायचा, हे लिहून ठेवते.

१८ मे, रविवार

उद्घाटन. नारळ फोडला, पेढे वाटले. मुलं आली सहा. निम्मी पोरं सुट्टीत आजोळी नाशिक-नागपूरकडे गेलेली, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मे महिन्यात सुरुवात करू नका.

आली त्यांनी पुस्तकं उघडली, चित्रं शोधली, मिटली. एकानेही नेलं नाही. मोठ्यांनी "वा, छान उपक्रम" म्हटलं आणि चहा घेतला.

२५ मे, रविवार

आजचा दिवस महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. घरी मराठी बोलते, शाळा हिंदी-इंग्रजी. मी तिला जवळ बसवून म्हटलं, मला मोठ्याने वाचून दाखव, मी फक्त ऐकते. तिने सुरुवात केली. लिपी एकच, त्यामुळे अडखळणार नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. बावीस वर्षं इंदुरात राहून, स्वतःचा मुलगा इथे वाढवून हे कसं दिसलं नाही याचं मला वाईट वाटतं.

पहिली अडचण अनुस्वाराची. "त्याने घर बांधलं" हे तिने "बांधलँ" असं नाकात वाचलं. "झाडं", "केलं", "सगळं", प्रत्येक ठिकाणी तेच. हिंदीत शेवटचा अनुस्वार नाकातच म्हणतात, तिची काय चूक? पण दर ओळीत चार वेळा नाकात वाचल्यावर आपण रोज घरी बोलतो तीच ही भाषा आहे हे तिच्या कानाला कळतच नव्हतं. दुसरी अडचण "ळ" ची. "काळा" चं "काला" झालं, तिथे अर्थ निभावला. "खेळ" ला मात्र ती थांबली. तिसरी, "दुसऱ्या", "वाऱ्याने" यांतला र. ते चिन्ह तिने कधी पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, यहाँ छपाई की गलती है."

आणि शब्द. "राजाने चोराला शिक्षा केली" हे वाचून ती खूश झाली, की चोराला राजाने शिकवलं. "त्याला राग आला" म्हटल्यावर तिने विचारलं, कोणता राग? ती गाण्याच्या क्लासला जाते. "तो खाली बसला" म्हणजे रिकामा बसला. गोष्ट चौथ्या पानापर्यंत गेली तेव्हा तिच्या डोक्यात माझ्याहून अगदी वेगळीच गोष्ट तयार झाली होती, आणि ती अर्थातच जुळत नव्हती. मग तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाणी प्यायला गेली.

संध्याकाळी घरी येऊन एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: शेवटचा अनुस्वार लांब "अ" सारखा म्हणायचा, नाकात नाही. "ळ" कसा, "ऱ्य" कसा. खाली आठ शब्द, शिक्षा, राग, खाली, खोली, चेष्टा वगैरे, आणि त्यांचे मराठी अर्थ चित्रांतून. तो पुठ्ठा कपाटाच्या दाराला आतून लावला. शाळेसारखा भिंतीवर नाही लावला. दार उघडलं की दिसतो, बंद केलं की नाही.

१ जून, रविवार

पुस्तकं दान द्या, असं आवाहन मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. ही माझी दुसरी मोठी चूक, कारण "काय चालेल" ते लिहिलं नाही. अकरा पोती आली. मोजली, ६४० पुस्तकं. जुने परीक्षा मार्गदर्शक, एकाच पोथीच्या नऊ प्रती, अर्धवट संच, पानं गळलेल्या कादंबऱ्या. ठेवण्यासारखी निघाली ११८. ९२ किलो रद्दीत गेली, १,१०४ रुपये आले, ते किरकोळ खर्चाला ठेवले. निवडायला मला आणि दोन कॉलेजच्या मुलींना चार संध्याकाळी लागल्या. शिवाय ज्यांनी दिली त्यांना रद्दीची गोष्ट कळल्यावर दोन घरं नाराज झाली. त्यांच्याकडे जाऊन बोलले. आधी सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती.

पण त्याच पोत्यांत एक छान गठ्ठा होता. २००१ मध्ये इंदूरला मराठी साहित्य संमेलन झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. त्या वेळी मांडवातल्या स्टॉलवरून घेतलेली चौदा पुस्तकं एका घरात चोवीस वर्षं तशीच जपलेली. पहिल्या पानावर तारीख आणि "इंदूर संमेलन" असं शाईने लिहिलेलं.

८ जून, रविवार

गठ्ठ्याला कसर लागली होती. चिमटीत धरून पान उलटलं तर कडेला बारीक भोकं आणि शिवणीत पिठासारखी भुकटी. काही लोक म्हणाले, उन्हात टाका. दोन पुस्तकं टाकली. जूनच्या उन्हात एका दिवसात पानं तांबूस झाली आणि किडे शिवणीत तसेच. डांबराच्या गोळ्यांनी कीड फारशी मरत नाही, शिवाय त्या वासाने मुलं कपाटाजवळ येत नाहीत.

शेवटी केटरिंगचं काम करणाऱ्या एका सभासदाचा रिकामा डीप फ्रीझर मिळाला. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करून उणे अठरावर दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच खोलीत राहू द्यायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

(२३ जूनची पुरवणी: पहिली पिशवी मी अधीर होऊन तासाभरात उघडली. एका कवितासंग्रहाची पानं ओली होऊन चिकटली. तो गेला. बाकी तेरा वाचली.)

२२ जून, रविवार

शाळा सुरू झाल्या, पोरं परत आली. दुसरी खरेदी करायची आहे, आणि या वेळी आधी तपासायचं ठरवलं. माझी पद्धत साधी. पहिलं पान वाचून घ्यायचं नाही, पहिलं पान सगळेच जपून लिहितात. मधलं कुठलंही पान मुलाला मोठ्याने वाचायला द्यायचं. अनुस्वार नाकात गेला तर तो मोजायचा नाही. अर्थ अडला तर एक बोट मिटायचं. पानभरात पाच बोटं मिटली तर ते पुस्तक "मी वाचून दाखवायचं" या रांगेत. नाकारायचं नाही, फक्त मुलाच्या एकट्याच्या हातात द्यायचं नाही.

फास्टर फेणेचं हेच झालं. एकट्याने वाचायला कुणी तयार नव्हतं. मी रविवारी अर्धा तास वाचून दाखवायला लागले, मध्येच थांबून "पुढच्या रविवारी" म्हणाले, तर एक मुलगा घरी घेऊन गेला आणि आईकडून वाचून घेतलं.

आता जोड्यांबद्दल. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची, म्हणजे नॅशनल बुक ट्रस्टची, नेहरू बाल पुस्तकालय ही मालिका आहे. तीच पुस्तकं, तीच चित्रं, अनेक भारतीय भाषांत. किंमत कमी. मी २२ पुस्तकं मराठी आणि हिंदी अशा जोडीने मागवली, ४४ प्रती, २,९७० रुपये. मूल हिंदीतलं आधी वाचतं, गोष्ट कळते, मग मराठी उघडलं की चित्र तेच असल्यामुळे शब्दाचा अर्थ आपोआप लागतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही एकच गोष्ट दोन्ही भाषांत मोफत मिळते आणि छापायची मुभा असते. तिथल्या बारा गोष्टी रंगीत छापून, स्पायरल करून घेतल्या, १,१४० रुपये. छापताना प्रत्येक पुस्तकाचं मागचं पान, ज्यावर लेखक-चित्रकारांची नावं असतात, तेही ठेवायचं. दुकानवाल्याने "बचत" म्हणून ते गाळलं होतं, परत करून घेतलं.

यावरून बैठकीत वाद झाला. मराठी वाचनालयात हिंदी पुस्तकं कशाला? एक ज्येष्ठ सभासद फार दुखावले. त्यांचं दुःख मला समजतं. त्यांच्या वडिलांच्या काळात या शहरात होळकरांच्या कचेरीतही मराठी चालत असे असं ते सांगतात, आणि आता नातू त्यांच्याशी हिंदीत बोलतो. मी त्यांना म्हटलं, "काका, दोन महिने द्या. नेलेल्या पुस्तकांची वही तुम्हीच तपासा." ते हो म्हणाले. वही तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे.

६ जुलै, रविवार

आजची चूक मला सगळ्यात जास्त लागली.

पुस्तकांवर वयाच्या चिकट्या लावल्या होत्या. हिरवी म्हणजे ५ ते ८, पिवळी ९ ते १२, निळी मोठ्यांची. सगळीकडे असंच करतात, म्हणून मीही केलं. एक बारा वर्षांचा मुलगा, सापांचा नाद असलेला, हिरव्या रांगेतलं सापांवरचं पातळ पुस्तक काढून उभ्याउभ्या वाचत होता. ओठ हलत होते. मराठी त्याला हळूहळू येतं. तेवढ्यात त्याच्या मित्राने चिकटीकडे बोट दाखवलं, "अरे, ये तो छोटे बच्चों की है." मुलाने पुस्तक ठेवलं, पण जागेवर नाही, दुसऱ्या पुस्तकांच्या मागे, उलटं. मग पिवळ्या रांगेतलं सगळ्यात जाड पुस्तक नाव नोंदवून घेऊन गेला. ते तो वाचणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

रात्री दोन कॉलेजच्या मुलींना बोलावून सगळ्या चिकट्या काढल्या. निघेनात. केस वाळवायच्या यंत्राने गरम करून, हळूच कोपऱ्यातून ओढल्या. दीडशेच्या वर पुस्तकं, रात्रीचे साडेअकरा.

१३ जुलै, रविवार

नवी मांडणी विषयांवर. प्राणी आणि किडे. भुतं आणि भीती. यंत्रं. खेळ. स्वयंपाक. प्रवास. घरातली माणसं. प्रत्येक खणात जाड-पातळ, चित्रांचं-बिनचित्रांचं, लहानांचं-मोठ्यांचं, मराठी-हिंदी सगळं एकत्र. सापांच्या खणात आता बालपुस्तकही आहे आणि सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराचं मोठ्यांचं पुस्तकही. कुणी काय उचललं यावरून त्याला किती येतं ते बाहेर दिसत नाही.

सुताराकडून प्लायवूडची तिरकी मांडणी करून घेतली, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी, तीन हजार दोनशे. पातळ चित्रपुस्तकं कपाटात कण्याने उभी केली की हरवतात. कणा दोन मिलिमीटरचा, त्यावर नाव काय वाचणार?

चित्रपुस्तकं आणखी २६ घेतली, ३,९०० रुपये. यात माधुरी पुरंदऱ्यांची ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं आधी घ्या. त्यांतलं मराठी घरात बोलतो तसं आहे, आणि 'राधाचं घर' मधले आजी-आजोबा, आई-बाबा इथल्या मुलांना ओळखीचे वाटतात. वाचता न येणारी चार वर्षांची मुलगी त्यातली चित्रं बघत स्वतःच मराठीत गोष्ट सांगत होती. न्यासाचं 'तोत्तोचान'ही आहे, तेत्सुको कुरोयानागींच्या जपानी पुस्तकाचं मराठी भाषांतर. ते मुलांसाठी म्हणून घेतलं होतं, नेलं तीन आयांनी आणि एका शिक्षिकेने.

सापवाल्या मुलाच्या घरी गेले नाही. जावं असं वाटलं, पण मग त्याला कळलं असतं की माझ्या लक्षात आलं होतं.

२७ जुलै, रविवार

मोठ्यांच्या पुस्तकांकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. मे महिन्यात घेतलेल्या चारही जाड कादंबऱ्या कपाटात तशाच. एका आजींना विचारलं, तर त्यांनी एक उचलून दाखवली. "अगं, पोटावर ठेवून वाचायची सवय माझी. ही ठेवली तर श्वास लागतो." संधिवाताने बोटं वळत नाहीत, सहाशे पानांचं पुस्तक उघडं धरवत नाही. आणि अक्षर बारीक.

म्हणून आता मोठ्यांचं पुस्तक घेताना दोन गोष्टी बघते. एका हाताने उघडं धरून शंभरपर्यंत मोजायचं. दुखलं तर घ्यायचं नाही. आणि दुकानाच्या झगझगीत दिव्यात वाचायचं नाही, जरा आत, अंधाऱ्या बाजूला नेऊन हात लांब करून वाचायचं. आमच्या हॉलमध्ये एकच ट्यूब आहे.

नोकरीवाल्यांचं वेगळं. "वेळ नाही" हे खरंच आहे, त्यांना वीस मिनिटांत संपेल असं काही हवं. कथा, व्यक्तिचित्रं, छोटे लेख. त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडले जुने दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एका अंकात कथा, कविता, लेख, प्रवास, व्यंगचित्रं असं सगळं घालायची पद्धत आहे. वाचक काय आवडीने वाचतो ते ओळखायला याहून चांगलं साधन मला सापडलं नाही. दिवाळीनंतर अंक निम्म्या किमतीत मिळतात. २० अंक, १,९०० रुपये. अंक परत आला की विचारते, कुठलं पान आवडलं? त्यावरून पुढची पुस्तकं. अशी ३४ घेतली, ८,१२० रुपये: आत्मचरित्रं, शेतीवरचं एक, खगोलावरची दोन, स्त्रियांच्या कथा, दलित लेखकांची आत्मकथनं, भाषांतरं.

भाषांतरांना दोघांनी हरकत घेतली, "आपलंच कमी आहे का?" मी ठेवली. मल्याळी किंवा बंगाली घरातली गोष्ट मराठीत वाचायला मिळते ही चैन तीस हजारांत होते आहे.

१० ऑगस्ट, रविवार

सुदामा नगरातून एक गृहस्थ येतात, पंचावन्नच्या पुढचे. शिक्षण सगळं हिंदीत, मराठी बोलायला छान. ते दर वेळी लहान मुलांची पुस्तकं नेतात. "नातवासाठी." वहीत तसंच लिहितात. नातू बंगळुरात असतो हे त्यांच्या पत्नीच्या बोलण्यातून मला माहीत आहे.

मी काही बोलले नाही. पण खणांत बदल केला. मोठ्या माणसांच्या आयुष्यावरची, सोप्या वाक्यांची, मोठ्या अक्षरांची पुस्तकं शोधायला लागले. ही फार कमी आहेत. न्यासाची नवसाक्षरांसाठीची काही मिळाली. 'किशोर'चे अंकही ठेवले. बालभारती १९७१ पासून ते काढते, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मोठ्या माणसाने 'किशोर' हातात घेतला तर कुणी भुवया उंचावत नाही, आपल्या लहानपणाची आठवण म्हणून सगळेच घेतात.

सापवाला मुलगा आज आला. जाड पुस्तक परत केलं, पातळ नेलं. वहीत सही केली आणि "इसमें अजगर वाला है ना?" एवढंच विचारलं.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपतीचे दहा दिवस कपाटं आरतीनंतर उघडी ठेवली. गर्दीत वहीशिवाय सात पुस्तकं गेली, चार परत आली. तीन राहिली, त्यांत एक संमेलनाच्या गठ्ठ्यातलं. पुढच्या वर्षी उत्सवात त्या गठ्ठ्यातली उरलेली पुस्तकं कुलपात ठेवायची.

खर्च आतापर्यंत २९,९०० रुपये. वर लिहिलेल्या रकमांखेरीज वही, चिकटपट्टी, पिशव्या आणि त्या वाया गेलेल्या चिकट्या यांचे ५६०. शंभर रुपये आणि रद्दीचे पैसे उरले आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार

काकांनी वही आणली. जोडीतली मराठी पुस्तकं जून-जुलैत ३१ वेळा गेली, हिंदी ५८ वेळा. ऑगस्टपासून आजपर्यंत मराठी ४७, हिंदी ३९. काकांनी आकडे स्वतःच्या हाताने लाल शाईने लिहिले होते, आणि पुढच्या खरेदीत आणखी दहा जोड्या घ्या असं खाली लिहिलं होतं. माझ्या मे महिन्याच्या ४१ पुस्तकांपैकी १९ अजून एकदाही गेलेली नाहीत. त्यांतली पाच मी रविवारी वाचून दाखवणार आहे, बाकीची पुण्यात कुणाला बदलून देता येतात का पाहते.

सुदामा नगरच्या गृहस्थांनी एक कथासंग्रह परत केला. मोठ्यांचा, बिनचित्रांचा, १२० पानांचा. या वेळी वहीत "नातवासाठी" लिहिलं नव्हतं. पुस्तक पुसून ठेवताना आतून एक चिठ्ठी पडली, बसच्या तिकिटाच्या मागे पेन्सिलने लिहिलेली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे हिंदी. कंटाळा: ऊब. आडोसा: ओट. लगबग: जल्दी-जल्दी. हुरहूर: आणि पुढे काही नाही, पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक ठिपका.

ही यादी दारावरच्या पुठ्ठ्यावर घालायचा मोह झाला. घातली नाही. चिठ्ठी त्याच लेखकाच्या दुसऱ्या संग्रहात ठेवली आहे, पुढच्या रविवारी तो त्यांना देईन.